काका, पुतण्या आणि एक अंधारी पेटी

मराठ्यांच्या इतिहासात ‘काका-पुतण्या’ हे शब्द उच्चारले की शनिवारवाडा आणि १७७३ साल डोळ्यांसमोर उभे राहते. त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी काका-पुतण्यांची आणखी एक जोडी हिंदुस्थानाकडे निघाली. तिच्यापाशी फौज नव्हती आणि गादीवर हक्कही नव्हता. होते ते कागद, रंग आणि कोरीवकामाची हत्यारे. हा थ्रेड टॉमस आणि विल्यम डॅनियल यांच्याविषयी.

टॉमसचा जन्म १७४९चा. त्याच्या वडिलांची इंग्लंडमधील सरे परगण्यात चर्ट्सी येथे खाणावळ होती. थोरला भाऊ वारल्यावर त्याचा मुलगा विल्यम टॉमसकडे राहू लागला आणि हळूहळू त्याचा शागीर्दच झाला. लंडनमध्ये निसर्गचित्रांवर पोट भरेना, म्हणून टॉमसने ईस्ट इंडिया कंपनीकडे हिंदुस्थानात कोरीवकाम करण्याची परवानगी मागितली. सोबत मदतनीस म्हणून पुतण्या. एप्रिल १७८५ मध्ये जहाज सुटले तेव्हा विल्यम पंधरा-सोळा वर्षांचा होता. चीनमार्गे ते १७८६ मध्ये कलकत्त्यास पोचले.

तेथे त्यांनी शहराच्या बारा दृश्यांचा संच छापला. काम अॅक्वाटिंट पद्धतीचे. तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड पसरायची, पत्रा तापवून ती चिकटवायची आणि मग आम्लात बुडवायचा. आम्ल जितका वेळ खाईल तितकी छटा गडद. ही कला दोघांनाही धड येत नव्हती. ते चुकत चुकत शिकले. आपणच चित्रकार, आपणच कोरणारा, आपणच तांबट, आपणच छापणारा आणि छापखान्यातला पोऱ्याही आपणच, अशी तक्रार टॉमसने एका मित्राला पत्रातून कळवली होती. त्यांच्या हाताखाली देशी कारागीर होते, हे मात्र त्या तक्रारीत येत नाही.

१७८८ मध्ये दोघे गंगेतून वर निघाले. बनारस, आग्रा, दिल्ली आणि तेथून थेट गढवालमधील श्रीनगर. तेथे युद्धाचे सावट होते. अलकनंदेवरील दोरांचा झुलता पूल आणि त्यावरून पलीकडे जाणारी माणसे त्यांच्या एका चित्रात दिसतात.

या सर्व प्रवासात विल्यमने रोजनिशी ठेवली. तीत काकाचा उल्लेख ‘अंकल’ या शब्दाच्या पहिल्या दोनच अक्षरांनी येतो. आज काकाने काय रंगवले, आपण काय रेखाटले, वारा कसा होता, असा सगळा मजकूर. त्यांच्याजवळ कॅमेरा ऑब्स्क्युरा होता. एका पेटीत भिंग आणि आरसा बसवलेला. समोरच्या दृश्याची प्रतिमा कागदावर पडे आणि तिची बाह्यरेषा गिरवता येई. त्यांच्या आधी याच वाटेने गेलेल्या विल्यम हॉजेस या चित्रकाराची छापील चित्रे ते बरोबर बाळगत, प्रत्यक्ष वास्तूपुढे ती उघडत आणि त्यातील चुका काढीत. हॉजेसबाबत ते जरा कठोरच होते. पेटी रेषा बिनचूक देते, पण कोठे उभे राहायचे आणि चित्रात कोणाला घ्यायचे हे माणूसच ठरवतो. डॅनियलांच्या चित्रांतही नंतर नीट जागा पाहून बसवलेल्या आकृती आहेत.

खर्च भागवण्यासाठी कलकत्त्यात त्यांनी आपल्या तैलचित्रांची सोडत काढली. १७९२ मध्ये ते मद्रासेस गेले आणि टिपूविरुद्धच्या युद्धात कॉर्नवॉलिसची फौज ज्या भागातून गेली होती, त्या म्हैसूरच्या मुलखात शिरले. त्या डोंगरी किल्ल्यांची नावे तेव्हा इंग्लंडात घरोघरी पोचलेली होती, म्हणजे चित्रांना गिऱ्हाईक तयार होते. पुढे मदुरा, कन्याकुमारी, आणि मार्च १७९३ मध्ये मुंबई.

मुंबईत त्यांची गाठ जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराशी पडली. वेल्सला लेण्यांचे वेड होते. त्याच्यासमवेत त्यांनी घारापुरी आणि साष्टीतील लेणी पाहिली. वेरूळला मात्र ते कधीच गेले नाहीत. असे असूनही १८०३ मध्ये वेरूळच्या लेण्यांचा चोवीस चित्रांचा संच टॉमसच्या देखरेखीखाली लंडनमध्ये निघाला.

हे कसे घडले? वेल्स १७९५ मध्ये साष्टीतच तापाने वारला. त्याची मुलगी सुझाना हिने १७९९ मध्ये चार्ल्स मॅलेटशी लग्न केले. मॅलेट म्हणजे पुण्यातील पेशवे दरबाराचा इंग्रज वकील. वेल्सची रेखाटने अशी मॅलेटच्या घरात आली आणि तेथून टॉमसकडे. १७९०च्या तहाच्या वेळचा सवाई माधवरावांचा दरबार टॉमसने १८०५ मध्ये रंगवला, तोही वेल्सच्याच रेखाटनांवरून. तह झाला तेव्हा तो पुण्यात नव्हता.

या साखळीत एक पुणेकर आहे: गंगाराम चिंतामण तांबट. मॅलेटच्या पुढाकाराने पुण्यात देशी चित्रकारांना शिकवण्याची सोय झाली होती, त्यातला हा सर्वांत हुशार. तो वेल्सचा मदतनीस होता. त्याने मॅलेटसाठी वेरूळची चित्रे काढली आणि मॅलेटने आपल्या वेरूळवरील लेखात त्याची दखलही घेतली. लंडनच्या त्या संचाच्या शीर्षपृष्ठावर वेल्सचे नाव आहे, टॉमसचे आहे. गंगारामचे नाही.

१७९४ मध्ये काका-पुतण्या मायदेशी परतले. पुढची तेरा-चौदा वर्षे ‘ओरिएंटल सीनरी’त गेली. सहा भाग, १४४ चित्रे. टॉमस १७९९ मध्ये रॉयल अकॅडमीचा सभासद झाला. विल्यमला त्यासाठी १८२२ पर्यंत थांबावे लागले. पत्रे कोरण्याचे कष्टाचे काम मात्र बरेचसे विल्यमचे. पुढे त्याने ब्रिटनच्या किनाऱ्याची परिक्रमा करून ३०८ चित्रांचा ग्रंथ केला, आणि तेव्हा काका सोबत नव्हता.

घरातले हे वेड येथेच थांबले नाही. विल्यमचा धाकटा भाऊ सॅम्युएल आधी दक्षिण आफ्रिकेत आणि मग सिलोनमध्ये चित्रे काढत हिंडला; १८११ मध्ये सिलोनमध्येच वारला. विल्यमचा मेहुणा विल्यम वेस्टॉल ऑस्ट्रेलियाच्या सफरीनंतर १८०४ मध्ये मुंबईस आला आणि त्यानेही लेणी रेखाटली.

विल्यम १८३७ मध्ये गेला. दोन्ही पुतण्यांच्या मागे राहिलेला टॉमस १८४० मध्ये, नव्वदीत.

गंगारामचा मृत्यू कोणी टिपून ठेवलेला दिसत नाही. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे त्याने १७९० मध्ये काढलेले चित्र आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. त्याच्या नावासह.