समुद्र खोलात थंड होतो, मग लातूरच्या बोअरचं पाणी कोमट का लागतं?

समुद्रात जितकं खोल जावं तितकं पाणी गार होत जातं. अरबी समुद्राचं वरचं पाणी 28-29 अंश सेल्सिअस असलं, तरी एक किलोमीटर खाली ते 10 अंशांच्याही खाली येतं. लातूर-नांदेडकडच्या खोल बोअरचा अनुभव नेमका उलटा आहे. 800-1000 फुटांवरून आलेलं पाणी हाताला चक्क कोमट लागतं.

समुद्र तापतो तो वरून. सूर्याची उष्णता वरच्या थरातच शोषली जाते आणि गरम पाणी हलकं असल्याने वरच तरंगतं. त्याखाली तापमान झपाट्याने उतरणारा जो पट्टा असतो, त्याला थर्मोक्लाइन म्हणतात. तळाशी ध्रुवांकडून आलेलं थंड, जड पाणी पसरलेलं असतं. समुद्रतळातूनही उष्णता येते, पण एवढ्या पाण्यापुढे ती किरकोळ.

जमिनीत असं थंड पाणी सतत येत नाही. तिथे पृथ्वीच्या पोटातली उष्णता जाणवते. दर किलोमीटरला तापमान सरासरी 25 ते 30 अंशांनी वाढतं. 1000 फूट म्हणजे साधारण 305 मीटर, म्हणजे सात ते नऊ अंशांची भर. अर्थात बोअरमध्ये वरच्या फटींतलं पाणीही मिसळतं, त्यामुळे प्रत्यक्षात फरक थोडा कमी पडतो. (उन्हात तापलेल्या पाइपातली पहिली बादली हिशेबात धरू नये!)

मग आडाचं पाणी हिवाळ्यात कोमट आणि मे महिन्यात गार कसं? 40-50 फुटांवर ऋतूंचा परिणाम जवळपास पोहोचतच नाही. पाणी बारा महिने 26-27 अंशांच्या आसपास राहतं, बदलते ती बाहेरची हवा.

याच उष्णतेचं मोठं उदाहरण नांदेड जिल्ह्यातच आहे. किनवट तालुक्यातल्या उनकेश्वरला गरम पाण्याचे झरे आहेत. त्यासाठी खाली ज्वालामुखी असावा लागत नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं, तापतं आणि भेगांतूनच वर येतं.

बोअरचं कोमट पाणी मात्र जरा काळजीचं आहे. मराठवाड्याचा काळा पाषाण स्पंजासारखा नाही, पाणी फक्त भेगा आणि सच्छिद्र थरांत साठतं. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीत 617 मीटर खोल छिद्र घेतलं गेलं, तेव्हा या पाषाणाची जाडी 338 मीटर भरली. म्हणजे हजार फुटांचं बोअर जवळपास त्याच्या तळाला टेकतं. तिथवर पाऊस मुरायला फार वेळ लागतो, उपसा मात्र रोज होतो.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा शहरातली असंख्य बोअर कोरडी होती. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला ‘खोल विहीर’ म्हटलं आहे आणि अधिसूचित क्षेत्रात शेती व उद्योगासाठी ती घ्यायला मनाई आहे. 60 मीटर म्हणजे 200 फुटांच्या आत. बोअरच्या गाड्या त्यापुढे किती जातात, हे गावोगाव सगळ्यांना माहीत आहे.