मदुरेचा पाय आणि बुरशीचे नाव

गडचिरोली-चंद्रपूरच्या रानात उन्हाळ्यात तेंदूपत्ता, पावसाळ्यात धानाची रोवणी. अनेक मजूर ही कामे अनवाणी करतात. काटा रुतला तर उपटून टाकायचा आणि कामाला लागायचे, ही रीत आम्ही पाहत आलो. अशा काट्याबरोबर मातीतली बुरशी पायात शिरू शकते. पाय फारसा दुखत नाही, पण वर्षानुवर्षे सुजत राहतो. पुढे छिद्रे पडून त्यांतून बारीक दाणे बाहेर येतात. या रोगाच्या निदानाचा इतिहास हा कष्टकऱ्यांच्या पायांचा इतिहास आहे, म्हणून तो आम्ही येथे मांडीत आहोत.

१८४२ साली मदुरेत गिल या डॉक्टरांनी या रोगाची नोंद केली. त्यावरून ‘मदुरेचा पाय’ हे नाव रूढ झाले. पण कारण शोधण्याचे मोठे काम मुंबईत झाले. ग्रे यांच्या शरीररचनेवरील प्रसिद्ध ग्रंथाची चित्रे काढणारे हेन्री व्हॅन्डाइक कार्टर १८५८ मध्ये मुंबईस आले व ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले. १८६० मध्ये त्यांनी रोगाला ‘मायसेटोमा’ म्हटले आणि १८७४ मध्ये त्यावर ग्रंथ लिहून बुरशीकडे बोट दाखविले. पुढे कळले, की काही रुग्णांत बुरशी नसून जीवाणू असतात. १९१३ मध्ये पिनॉय यांनी हे दोन गट वेगळे केले.

हा भेद केवळ पुस्तकी नव्हे. जीवाणू असल्यास प्रतिजैविके चालतात. बुरशी असल्यास औषध निराळे, दीर्घकाळ घ्यावयाचे, आणि कधी पाय कापावा लागतो. दाण्याच्या रंगावरून अंदाज होतो, खात्री नाही. बुरशी प्रयोगशाळेत वाढवून पाहण्यास आठवडे लागतात.

१९८३ मध्ये केरी मलिस यांनी डी.एन.ए.च्या प्रती वाढविण्याची युक्ती काढली: प्रत्येक फेरीत दुप्पट, म्हणजे तीस फेऱ्यांत एकाच्या शंभर कोटींवर. १९९० मध्ये बुरशीच्या डी.एन.ए.चा ओळख पटविणारा भाग वाचण्याची सोय झाली. १९९९ मध्ये काळ्या दाण्याच्या मुख्य बुरशीसाठी खास चाचणी आली. तिलाही मर्यादा आहे: मेलेल्या बुरशीचा डी.एन.ए.ही ती दाखविते, म्हणून रोग बरा झाला की नाही हे तिच्यावरून ठरत नाही.

२०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातला. ज्यांच्याकडे दुर्लक्ष झाले ते कोण, हे सांगावयास नको. शहरातल्या चाचणीसाठी मजुराने हंगामाची मजुरी का बुडवावी? दाणा शुद्ध मद्यार्कात ठेवला तर त्यातला डी.एन.ए. टिकतो, फॉर्मॅलिनमध्ये तो बिघडतो. म्हणजे मजुराने गाव न सोडता त्याच्या पायातला दाणा शहरात जाऊ शकतो. तेवढी व्यवस्था तालुक्याच्या दवाखान्यात हवी, ही आमची मागणी आहे. आणि त्याआधीची, फार जुनी मागणी म्हणजे त्या पायात जोडा.