चैत्रगौर आणि माळव्यातला कैरीचा महिना

माळव्यात चैत्र दोनदा सुरू होतो. येथील पंचांग पौर्णिमान्त असल्याने होळीच्या दुसऱ्याच दिवशी शेजाऱ्यांचा चैत्र लागतो; आपण आणखी पंधरवडा थांबून गुढी उभारतो, तेव्हा आपला. शुक्ल पक्ष मात्र दोघांचाही एकच. त्यामुळे चैत्र शुद्ध तृतीयेला इंदूरच्या जुन्या वस्तीत मोठा गमतीचा योग जुळतो. राजस्थानी आणि माळवी घरांतून गणगौरीला निरोप दिला जातो, आणि त्याच दिवशी मराठी घरांत चैत्रगौर झोपाळ्यावर बसते. एकीकडे पाठवणी, दुसरीकडे माहेरपण, गौर तीच. हे माहेरपण अक्षय्य तृतीयेपर्यंतचे.

१७३० च्या सुमारास माळव्याची जबाबदारी मल्हारराव होळकरांकडे आली आणि त्यांच्यामागून शिलेदार, कारकून, भिक्षुकांची कुटुंबे नर्मदा ओलांडून आली. अहिल्याबाईंची राजधानी महेश्वर. १८१८ मध्ये, मंदसोरच्या तहानंतर, ती इंदूरला हलली. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले. दरबार गेला, मोडी दप्तर गेले; चैत्राचे हळदीकुंकू राहिले. ते संस्थानावर अवलंबून नव्हतेच. त्याला लागे एक झोपाळा, दारात चैत्रांगण, ओटीला भिजवलेले हरभरे आणि कैरी. सनदा-वतनांवर आपण पाने भरतो; बायकांच्या या पंचांगाची नोंद कुणी ठेवत नाही, ही मला आपल्या इतिहासलेखनातली उणीव वाटते.

कैरीचे दिवस थोडे. कोय धरण्यापूर्वीची कोवळी, आंबट कैरी किसून वाटल्या डाळीत मिसळली, वर हिंग-मोहरीची फोडणी दिली, की ती डाळ खरी. पन्ह्यातही दोन घराणी आहेत. शेजारणीचे ‘पना’ पुदिना आणि भाजल्या जिऱ्याचे, आपले गूळ-वेलदोड्याचे. आमच्या घरी दोन्ही होत असत, आणि मला (आई ऐकत नसताना) जिऱ्याचे अधिक आवडे. माळव्याचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच. दिवस तापला तरी रात्री गच्चीवर अंग निवे. ‘शब-ए-मालवा’चा लौकिक उगाच नाही. हळदीकुंकू आटोपल्यावर उरलेली डाळ त्या गच्चीवर संपत असे.

नोकरीत मात्र हे सारे हुकले. मार्चअखेरचे हिशेब संपतात न संपतात तोच पाणीटंचाईची कामे सुरू होत. दूरच्या जिल्ह्यांतून या दिवसांत रजा मागणेही अवघड. मी घरी येई तो वैशाख सरत आलेला असे. तरीही आई माझ्यासाठी डाळ करी. तोवर कैरीची कोय टणक झालेली, आंबटपणा उतरलेला. ती विचारी, “बरी झालीय ना रे?” मी म्हणे, “अगदी तशीच.” तीस वर्षे आम्ही दोघे हे एकमेकांना सांगत राहिलो.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या चैत्रात आई नव्हती. सौभाग्यवतीने तिचाच पितळी झोपाळा चिंचेने घासून काढला. आपली गणगौर पोचवून परतलेली शेजारीण कपाळावरचे कुंकू तसेच घेऊन आमच्याकडे आली, आणि जाताना डाळ मागून घेऊन गेली. मी चाखली ती सायंकाळी. पहिल्याच घासाला दात आंबले.