मातीच्या जाळीमागची सोनाबाई

आपण भिलाईकर मंडळी नामवंत चित्रकारांची घरे पाहायला दूरदूर जातो. पण आपल्याच छत्तीसगडात, सरगुजा जिल्ह्यातील पुहपुटरा गावी सोनाबाई रजवार यांचे घर आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तेच घर, तीच कार्यशाळा आणि तीच कलाकृती.

रजवार बायका भाताची कापणी झाल्यावर, छेरता सणाच्या सुमारास, घर लिंपून भिंतींवर मातीची उठावदार नक्षी करतात. आपल्याकडच्या सारवण-रांगोळीसारखेच ते. सोनाबाईंची कथा मात्र निराळी. पतीने त्यांना सुमारे 15 वर्षे घराबाहेर पडू दिले नाही. माहेरचेही कोणी भेटू नये, असा दंडक. लहानग्याला खेळायला काही नाही म्हणून त्यांनी मातीची खेळणी केली. मग ओसरीत ऊन येते म्हणून जाळी उभारली.

ही जाळी आम्हा इंजिनीयर लोकांनी जरूर पाहावी. बांबूच्या पातळ कामट्या वाकवून कडी करायची, ती एकमेकांना बांधायची आणि वरून पेंढा मिसळलेल्या मातीचा लेप द्यायचा. कामटी म्हणजे सळई, माती म्हणजे काँक्रीट! ऊन अडते, वारा खेळता राहतो. कड्यांतून पक्षी, माकडे, माणसे बसवलेली. रंग मसाल्यांचे, पाल्याचे आणि मातीचे.

एकांतामुळेच ही कला फुलली, असे कौतुकाने म्हटले जाते. मला ते पटत नाही. कोंडणे तो कोंडणेच. कला त्या बाईची.

1983 साली भोपाळच्या भारत भवनाची माणसे तेथे पोहोचली. तेव्हा आपण मध्य प्रदेशातच होतो. घरातील कामाचे काही भाग काढून त्यांनी संग्रहालयासाठी नेले. त्यामुळे देशाला सोनाबाई कळल्या, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण राहत्या घराचे तुकडे निघताना त्यांना काय वाटले असेल? 2007 साली त्या वारल्या. 2009 मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोच्या मिंगेई संग्रहालयात त्यांच्यावर मोठे प्रदर्शन झाले.

काचेआडची माती टिकते. घराच्या मातीला मात्र दर पावसाळ्यानंतर हात लागतो. मुलगा दरोगाराम आईकडूनच हे काम शिकला.

दुर्गहून अंबिकापूरला थेट गाडी आहे. तेथून बिलासपूर रस्त्याने लखनपूरकडे यावे आणि पुहपुटरा विचारावे. घरी गेल्यावर दारात हाक द्यावी आणि परवानगी घेऊनच आत जावे.