केडगावहून जुन्नरकडे : एका वाटेवरील पोढी आणि वृक्ष

पालि वाङ्मयाच्या अभ्यासकास रस्ता ही सामान्य वस्तू वाटत नाही. सुत्तनिपाताच्या पारायनवग्गात गोदावरीकाठी राहणाऱ्या बावरीने आपले सोळा शिष्य भगवान बुद्धांच्या भेटीस पाठविल्याची कथा आहे. ते शिष्य ज्या गावांवरून गेले त्यांची नावेच तेथे क्रमाने दिली असून, त्यांत पतिट्ठान म्हणजे आजचे पैठण आरंभी येते. आपल्या भूमीचा तथागतांशी पहिला संबंध असा एका रस्त्याने जोडलेला आहे. पैठणहून दुसरी वाट पश्चिमेस जुन्नर, नाणेघाट, कल्याण आणि सोपारा अशी समुद्राकडे जात असे. प्रस्तुत लेखात आम्ही या दुसऱ्या दिशेचा विचार करीत आहोत.

पैठण आणि जुन्नर यांच्या मधल्या पठारावर अहमदनगर वसले आहे. २०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर झाले. शहराच्या पुणे रस्त्यावरील केडगाव हे उपनगर रेणुकामातेच्या देवस्थानामुळे परिचित आहे. येथून बाह्यवळणाने नेप्तीकडे गेले की कल्याणचा रस्ता लागतो. भाळवणी, टाकळी ढोकेश्वर, आणे, आळेफाटा, ओतूर अशी गावे मागे टाकीत तो माळशेज घाटाने कोकणात उतरतो.

या रस्त्याचा इतिहास समजून घेण्यापूर्वी त्याची जमीन पाहिली पाहिजे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर थंड होऊन हे पठार बनले. माळावर मातीचा थर पातळ, त्याखाली मुरूम आणि काळा कातळ. सह्याद्रीने ढग अडविल्यामुळे नगरकडे वर्षाकाठी सहाशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. माळशेजच्या माथ्यावर त्याच्या कितीतरी पट कोसळतो. म्हणून आरंभी बाभूळ, हिवर, बोर, तरवड आणि कुसळी गवत दिसते, तर घाटाजवळ दाट झाडी. काळविटांचे वसतिस्थान असलेले असेच माळरान याच जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे १९८० मध्ये अभयारण्य म्हणून राखले गेले. कातळावर पडलेले पाणी लवकर वाहून जाते आणि पुढचे आठ महिने वाटसरूस दोनच गोष्टी हव्या असतात : पाणी आणि सावली. या मार्गाचा सांस्कृतिक इतिहास या दोन गरजांभोवती गुंफलेला आहे, असे आमचे मत आहे.

नगरपासून सुमारे ४० किलोमीटरवर टाकळी ढोकेश्वरचे लेणे आहे. कोरीव लेणे दिसले की ते बौद्धच असावे, असे मानण्याकडे आपला कल असतो. परंतु सहाव्या शतकाच्या सुमारास खोदलेले हे लेणे शैव आहे. तेथील सप्तमातृका हे स्पष्ट सांगतात. सत्य जसे आहे तसे पाहावे, ही आपल्याला मिळालेली शिकवण आहे. बौद्ध लेण्यांना 'पांडवांची लेणी' म्हणणाऱ्यांची चूक आपण उलट दिशेने करू नये.

आपला वारसा सांगण्यासाठी अशा ओढाताणीची गरजही नाही. वाट थोडी वाकडी करून जुन्नरला गेले की शिवनेरी, मानमोडी, तुळजा आणि लेण्याद्री येथील डोंगरांत सुमारे दोनशे बौद्ध लेणी उभी आहेत. लेण्याद्रीवर आज एका विहारात गिरिजात्मज गणपतीची पूजा होते. शेजारीच चैत्यगृह असून त्यावर हेरणिकाचा, म्हणजे सोनाराचा, पुत्र सुलसदत्त याचे नाव ब्राह्मी लिपीत कोरलेले आहे. त्या लेखातील 'कलियान' हा शब्द काही अभ्यासक कल्याण या गावाचे नाव समजतात.

जुन्नरच्या लेखांतील दात्यांची यादी मनन करण्याजोगी आहे. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, दान दिली. चिट या दुसऱ्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. वेळूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे ठेव ठेवून तिच्या मासिक उत्पन्नातून दानाची व्यवस्था केलेली आढळते. कोणाचिक श्रेणीतील अडुथुम नावाचा शक उपासक वीस निवर्तने आणि नऊ निवर्तने अशी जमीन देतो. पहिलीचा संबंध करंजाच्या झाडांशी, दुसरीचा वडाशी सांगितला आहे. परदेशातून आलेला माणूस, वेळू चिरणारा कारागीर आणि करंजाचे झाड यांना एकाच धम्मदानात स्थान मिळाले.

जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाटाच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. त्यात यज्ञ आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे व कार्षापणे यांची लांबलचक गणती आहे. त्याच घाटात सोपाऱ्याच्या गोविंददासाने पोढी दिल्याचा एका ओळीचा लेख आहे. राजवैभवाचा लेख मोठा आणि पाणी देणाऱ्याचा लहान. पण घाट चढून आलेल्या तहानलेल्या माणसास कोणता उपयोगी पडला, हे सुज्ञ वाचकांनी ठरवावे.

सम्राट अशोकाने सातव्या स्तंभलेखात रस्त्यांवर वड लावल्याचे, आमराया वाढविल्याचे आणि विहिरी खोदल्याचे सांगितले आहे. ही सावली पशू आणि मनुष्य या दोघांसाठी आहे, असे तो नमूद करतो. तेथे जातीची अट नाही. पुढे याच महाराष्ट्रात काय झाले? ज्या महाडजवळ गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत, त्याच महाडला सार्वजनिक तळ्याचे पाणी पिण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला. पोढी कोरणारा समाज ते तळे बंद करणारा समाज, ही या देशाच्या अधःपतनाची मोजपट्टी होय. चवदार तळ्यावरील ती ओंजळ म्हणूनच आम्हांस केवळ नवा हक्क वाटत नाही. खंडित झालेल्या एका जुन्या दानपरंपरेचे ते पुनरुज्जीवन होते.

आज रस्ते रुंद होतात आणि कडेचे जुने वृक्ष जातात. रस्ता रुंद होण्यास आमचा विरोध नाही. गावखेड्यांतील मुलांना शाळा आणि दवाखाना त्यानेच जवळ येतो. परंतु तोडलेल्या वडाच्या जागी वड लावणे हे अशोकाचे नाव घेणाऱ्या आपणा सर्वांचे काम आहे. या मार्गाने जाणाऱ्या उपासक-उपासिकांनी जुन्नरचे लेख एकदा थांबून वाचावेत, मुलांना ब्राह्मीची चार अक्षरे शिकवावीत आणि परतताना एखादे करंजाचे रोप लावून ते जगवावे. अडुथुमाचे नाव करंजाबरोबर टिकले. आपल्या दानाचीही ओळख तशीच राहो.