पिवळ्या दिव्याची बखर

दिवा लागला की हात जोडावेत, अशी आपली रीत. अमेरिकेतला पिकअप ट्रकवाला मात्र दिवा लागला की कपाळाला हात लावतो. हा दिवा त्याच्या डॅशबोर्डावर असतो. हळदीसारखा पिवळा, इंजिनाच्या आकाराचा. ट्रक मजेत पळत असतो, मागे गवताचे भारे असतात, कुत्रा वारा खात असतो, कुणाचीच तक्रार नसते. आणि दिवा म्हणतो, "इंजिन तपासा!" काय तपासायचं ते सांगत नाही. घरातले आजोबा नुसते खाकरतात आणि कारण बाकीच्यांनी ओळखायचं असतं, त्यातला प्रकार.

डॅशबोर्डावर धोक्याचे दिवे 1930 नंतरच्या दशकात आले. काटा वाचण्याचे कष्ट वाचले, म्हणून अमेरिकन माणसाने त्यांना 'मूर्खांचे दिवे' असं नाव ठेवलं. पण आपल्या पिवळ्या दिव्याचं कुळ वेगळं. त्याचा जन्म इंजिनात नव्हे, आभाळात झाला.

1943 च्या जुलैत लॉस एंजेलिसवर असं धुकं उतरलं की लोकांचे डोळे चुरचुरू लागले. महायुद्ध चालू होतं. जपान्यांनी विषारी वायू सोडला, अशी शंका लोकांना आली. मग एका रबराच्या कारखान्यावर आळ आला. कारखाना बंद झाला, धुकं जागच्या जागी! पुढे आरी हागेन-स्मिट नावाचे डच रसायनशास्त्रज्ञ या भानगडीत पडले. गृहस्थ तोवर अननसाच्या स्वादाचा अभ्यास करत होते. त्यांनी 1950 च्या सुमारास दाखवून दिलं की गाड्यांचा धूर, पेट्रोलची वाफ आणि कॅलिफोर्नियाचं ते प्रसिद्ध ऊन, या तिघांच्या संगनमताने हे धुकं शिजतं. तेलकंपन्यांच्या पैशावर चाललेल्या संशोधकांनी त्यांना खोटं ठरवायला पाहिलं. शास्त्रज्ञाला डिवचू नये. ते अननस सोडून कायमचे धुराच्या मागे लागले.

1967 साली कॅलिफोर्नियात हवेसाठी खास मंडळ स्थापन झालं आणि हेच त्याचे पहिले अध्यक्ष झाले. 1975 च्या मॉडेलांपासून बहुतेक अमेरिकन गाड्यांच्या पोटाखाली कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. प्लॅटिनमसारख्या महागड्या धातूंचा लेप दिलेलं मधाचं पोळंच म्हणा ना. विषारी धूर एका बाजूने आत जातो आणि बराचसा सभ्य होऊन बाहेर पडतो.

पण कारखान्यातून सभ्य निघालेली गाडी दहा वर्षांनी कशी वागते, हे कोण पाहणार? म्हणून गाडीतच एक पहारेकरी बसवला. 1980 च्या सुमारास जनरल मोटर्सच्या गाड्यांत तो आला. तारेच्या तुकड्याने दोन टोकं जोडली की दिवा मिचकावून दुखण्याचा आकडा सांगायचा. कॅलिफोर्नियाने 1988 पासून असा पहारेकरी सक्तीचा केला. 1996 पासून तर अमेरिकाभरच्या मोटारींना आणि हलक्या पिकअपना एकच भाषा, एकच सोळा पिनांचं सॉकेट लागू झालं.

या भाषेतला एक आकडा मराठी माणसाला ताबडतोब कळेल: पी-0420. चारसोबीस! आपल्याकडचं ते कलम 2024 साली बदललं, पण शब्द काही जात नाही. इथे फिर्याद अशी की कन्व्हर्टर काम करत नाही. त्याच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. पुढचा सारखा वरखाली होतो. मागच्याने शांत राहायचं. मागचाही पुढच्याची नक्कल करू लागला की चारसोबीस.

मालक फिर्यादीलाच हाकलतो. नवा सेन्सर घालतो, आकडा पुसतो, दिवा जातो. आठवड्याने पुन्हा हजर! कारण पहारेकरी घाई करत नाही. पुसल्यावर तो सगळ्या चाचण्या पहिल्यापासून घेतो, आणि हा दोष बहुधा दोन फेऱ्यांत दिसल्यावरच दिवा लावतो. खरा गुन्हेगार भलताच असतो. कधी सायलेन्सरच्या नळीला गळती, कधी तेल जाळणारं इंजिन, कधी मुळात म्हातारा झालेला कन्व्हर्टर. कधी आकडा वेगळा असतो आणि दोष फक्त पेट्रोलच्या टाकीच्या सैल झाकणाचा. एक मिलिमीटरच्या भोकातून जाणारी वाफसुद्धा पहारेकऱ्याच्या नाकातून सुटत नाही. दिवा लुकलुकू लागला तर मात्र थांबावं. न जळालेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटत असतं.

काही जण दिव्यावर काळी पट्टी चिकटवतात. पण याहून मोठा हात फोक्सवॅगनने मारला. तिच्या डिझेल गाड्या परीक्षा ओळखून तेवढ्यापुरत्या साळसूद वागत आणि रस्त्यावर मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत नायट्रोजन ऑक्साइड सोडत. 2015 साली हे उघड झालं. पहारेकऱ्याला कुणी बांधलं नव्हतं. घरमालकानेच त्याला शिकवून ठेवलं होतं, एवढंच.

आपल्याकडे 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं. कांदे घेऊन बाजार समितीत जाणाऱ्या नव्या पिकअपमध्येही हा पिवळा दिवा आहे. तो लागला की ड्रायव्हर म्हणतो, "गाडी तर बरी चाललीय." बरोबर आहे. त्याची चाललीय. मागे स्कूटरवर, आईच्या पाठीला बिलगून बसलेल्या पोराला विचारा. दिवा ड्रायव्हरसमोर लावला आहे खरा. पण पुष्कळदा तो लागतो त्या पोरासाठी.