एका दिव्याला तीन चाव्या

रॉकेल पुरवायचं असेल तर वात बारीक ठेवायची, हे वाशीम जिल्ह्यातल्या इंझोरीत वीज येण्याआधीच्या पिढीला शिकवावं लागलं नसेल. कराडजवळ ओगलेवाडीत १९१६ साली उभ्या राहिलेल्या ओगले काच कारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील गावोगाव पोचला. त्याला चावी एकच. फिरवली की वात वर, उलटी फिरवली की खाली.

२००५ नंतरच्या भारनियमनात ग्रामीण विदर्भाची वीज तासन्‌तास जाऊ लागली आणि तीच काटकसर लॅपटॉपवर आली. पडद्यामागचा दिवा बॅटरी भराभर खातो. तो मंद केला की काम थोडं जास्त वेळ चालतं. पण इथे चावी नेमकी कुणाच्या हातात, यावरच पुढची बरीच वर्षं घोळ चालला.

जुन्या लॅपटॉपमध्ये पडद्यामागे पेन्सिलीपेक्षा बारीक ट्यूब असे. इन्व्हर्टर तिला शेकडो व्होल्ट पुरवी. ट्यूब म्हातारी झाली की पडदा लालसर दिसायला लागे. २००७च्या सुमारास एलईडी आले. एलईडी मंद करण्याची युक्ती अशी, की तो सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करायचा. निम्मा वेळ बंद राहिला, तर डोळ्यापर्यंत सरासरी निम्माच उजेड पोचतो.

हे चालू-बंद कुणी सांगायचं? इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी डिसेंबर १९९६मध्ये एसीपीआय हे मानक आणलं; यंत्रातच बसवलेलं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांनी विजेबाबत एकमेकांशी कसं बोलायचं, ते त्यात ठरलं. पुढे त्यात उजेडाचे टप्पेही आले: टप्प्यांची यादी फर्मवेअरने द्यायची, हवा तो टप्पा ऑपरेटिंग सिस्टिमने मागायचा. ही झाली पहिली चावी. दुसरी थिंकपॅड, सोनी, आसुस अशा एकेका कंपनीच्या यंत्रांसाठी लिहिलेल्या ड्रायव्हरची. तिसरी ग्राफिक्स चिपच्या ड्रायव्हरची, थेट दिव्यापर्यंत जाणारी. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये एकाच पडद्यासाठी कधी कधी तिन्ही हजर असत. त्यातली चुकीची वापरली गेली, तर बटण दाबलं की पडद्यावरची पट्टी इमानदारीने सरके, उजेड मात्र तसूभर हलत नसे.

२०१२मध्ये विंडोज ८ आलं तेव्हा हा गुंता सर्वांत वाढला. त्यात दिवा सांभाळायचं काम ग्राफिक्स ड्रायव्हरकडे गेलं आणि बऱ्याच यंत्रांच्या फर्मवेअरमधली जुनी वाट, म्हणजे पहिली चावी, नीट तपासलीच गेली नाही. लिनक्सने २०१३मध्ये अशा यंत्रांवर पहिली चावी बाजूला ठेवण्याचा बदल करून पाहिला, काही यंत्रं बिघडल्यावर मागे घेतला. अखेर २०१४मध्ये लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, ३.१६ आवृत्तीत अशा यंत्रांवर तिसरी चावी मुख्य ठरली.

तिन्हींतली एकच दाखवायची, हे ठरायला डिसेंबर २०२२चं ६.१ कर्नल उजाडलं. हे किचकट काम तेव्हा रेड हॅटमध्ये असलेल्या हान्स द गूडे यांनी तडीला नेलं, आणि त्यांचं मोठेपण असं की जुनी यंत्रं त्यांनी वाऱ्यावर सोडली नाहीत. वापरणाऱ्यांना आपापले लॅपटॉप तपासायला सांगितले. एखादं मॉडेल अडलं, की कर्नलमधल्या तक्त्यात त्याच्या नावाची नोंद होते, आणि त्या नोंदीत त्याच्या दिव्याला कोणती चावी लागते ते लिहिलेलं असतं.